दीर्घकालीन विषाद : उपचारांचे पर्याय आणि मराठी बोलणारा रुग्ण

विषाद हा विकार क्ष-किरणांच्या छायाचित्रात उमटत नाही आणि रक्ताच्या तपासणीत सापडत नाही. रुग्ण जे सांगतो, जे सांगताना अडखळतो आणि जे सांगावयाचे टाळतो, त्यावरूनच वैद्याला त्याचे निदान करावे लागते. म्हणून या विकाराच्या उपचाराचा विचार हा जसा वैद्यकशास्त्राचा विषय आहे, तसा काही अंशी भाषेच्या अभ्यासकाचाही विषय आहे. विषाद वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला, म्हणजे तर हा भाषेचा प्रश्न अधिकच बिकट होतो. कारण दीर्घकाळ सोसलेल्या दुःखाला दुःख म्हणण्याची सवयच नाहीशी होते. प्रस्तुत लेखात अशा दीर्घकालीन विषादाचे स्वरूप, त्यावर आज उपलब्ध असलेले उपचार आणि मराठी भाषकांच्या संदर्भात त्या उपचारांपुढे उभ्या राहणाऱ्या अडचणी यांचा परामर्श घेतला आहे.

१. संज्ञांचा विचार

हिंदीत या विकाराला ‘अवसाद’ म्हणतात. मराठीत वृत्तपत्रांनी ‘नैराश्य’ हा शब्द रूढ केला आहे. खिन्नता, औदासीन्य, विषण्णता हे शब्दही अधूनमधून योजले जातात. यांपैकी ‘नैराश्य’ हा शब्द सोयीचा असला, तरी पुरेसा नाही. आशा सुटणे हे या विकाराचे एक लक्षण आहे. झोप उडणे वा अतिझोप लागणे, भूक मंदावणे, थकवा, एकाग्रता न होणे, अकारण अपराधी वाटणे आणि पूर्वी ज्यात गोडी वाटे त्यातील गोडी जाणे ही लक्षणे त्या शब्दात सामावत नाहीत. ‘औदासीन्य’ या शब्दाची अडचण निराळी आहे. संतवाङ्मयात ‘उदास’ असणे म्हणजे विषयांपासून अलिप्त असणे, आणि ती साधकाची योग्यता मानली गेली आहे. ज्या शब्दावर वैराग्याची अशी छाया आहे, तो शब्द रोगाचे नाव म्हणून वापरला, की ऐकणाऱ्याच्या मनात किंचित संभ्रम उत्पन्न होतो.

‘विषाद’ हा शब्द या सर्वांत जुना व अर्थाने भारदस्त. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच ‘अर्जुनविषादयोग’ असे आहे. गात्रे शिथिल होणे, तोंडाला कोरड पडणे, अंगाला कंप सुटणे, हातातील धनुष्य गळून पडणे ही तेथे वर्णिलेली लक्षणे शरीराची आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातही रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषादाला अग्रस्थान दिले आहे. तथापि अर्जुनाचा विषाद एका प्रसंगातून उद्भवला आणि एका संवादाने निवळला. ज्या विषादाला नेमका प्रसंग नाही, आरंभ आठवत नाही आणि ज्याच्या शेजारी सारथीही नाही, त्याची कथा वेगळी आहे. प्रस्तुत विवेचनाचा विषय तो दुसरा विषाद होय.

सामान्य मराठी बोलणारा रुग्ण यांपैकी कोणताही शब्द वापरीत नाही. ‘कशात जीव रमत नाही’, ‘अंगात त्राण उरले नाही’, ‘हातपाय गळाले’, ‘जिवाला हुरहुर लागते’, ‘डोके भणभणते’, ‘जीव नकोसा झाला’ अशी त्याची भाषा असते. आणि आता खेड्यापाड्यांतूनही ‘टेन्शन’ या एका शब्दात तो हे सारे गुंडाळून टाकतो. यांपैकी निम्मी वाक्ये देहाविषयीची आहेत. त्यामुळे ती ऐकणाऱ्याने शक्तिवर्धक गोळ्या लिहून द्याव्यात आणि रुग्णाने त्या घेऊन घरी जावे, हे सहज घडते.

२. स्वभाव की व्याधी?

अमेरिकन मानसरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या वर्गीकरणाची तिसरी आवृत्ती काढली, तेव्हा सौम्य पण चिवट अशा विषादाला ‘डिस्थायमिया’ या नावाने स्वतंत्र स्थान दिले. २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीत डिस्थायमिया आणि दीर्घकाळ न हटणारा तीव्र विषाद यांना एकत्र करून ‘चिरस्थायी विषादविकार’ या अर्थाची एकच संज्ञा स्वीकारण्यात आली. प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत किमान दोन वर्षे, बहुतेक दिवस, दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न असावे आणि या काळात सलग दोन महिन्यांहून अधिक मोकळीक मिळालेली नसावी, अशी त्याची कसोटी आहे. मुलांच्या बाबतीत एक वर्ष पुरते. या संथ विषादावर मधूनच तीव्र विषादाचा झटका येतो, तेव्हा त्याला ‘दुहेरी विषाद’ म्हणतात. झटका ओसरला, की घरच्यांना रुग्ण बरा झाला असे वाटते. प्रत्यक्षात तो आपल्या जुन्या खिन्नतेच्या पातळीवर परतलेला असतो.

वर्गीकरणातील या बदलाचे महत्त्व केवळ तांत्रिक नाही. दोन-पाच वर्षे टिकलेली खिन्नता ही कुटुंबाच्या लेखी व्याधी राहत नाही. ती स्वभाव ठरते. ‘तो पहिल्यापासून घुमाच’, ‘ती मुळातच रडकी’, ‘त्यांचा स्वभावच तसा’ ही वाक्ये मराठी घरांत नित्य ऐकू येतात. विषादाचा आरंभ किशोरवयात झाला असेल, तर रुग्णाला स्वतःलाही याहून निराळे आपले रूप आठवत नाही. आणि स्वभावाला औषध नसते, ही तर आपल्याकडे म्हणच आहे. व्याधीला स्वभाव मानण्याची ही चूक उपचाराच्या वाटेवरील पहिली धोंड होय; कारण जो स्वतःला आजारी समजत नाही, तो वैद्याकडे जातच नाही.

बंगलोरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतातील प्रौढांपैकी सुमारे वीसांतील एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा विषादविकार होतो. हे सर्वेक्षण बारा राज्यांत झाले. महाराष्ट्र आणि हरियाणा त्यांत नव्हते. तरीही मानसिक विकार असलेल्या बहुसंख्य लोकांपर्यंत उपचार पोचत नाही, हा त्याचा निष्कर्ष या राज्यांना लागू पडणार नाही, असे मानण्यास आधार नाही.

३. औषधोपचार

विषादाच्या रासायनिक मीमांसेचा एक धागा मुंबईपर्यंत येऊन पोचतो, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. सर्पगंधा ही वनस्पती आयुर्वेदाला पूर्वापार परिचित. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली उन्माद व रक्तदाब यांवरील तिच्या गुणांविषयी लिहिले, आणि मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ मध्ये रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचा निबंध प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये तिच्यापासून रिसर्पीन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. ते घेणाऱ्या काही रुग्णांत खिन्नता दिसू लागली. आणि १९५५ मध्ये अमेरिकेत ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत हे द्रव्य मेंदूतील सेरोटोनिन घटविते असे आढळले. त्याच दशकात क्षयावरील इप्रोनियाझिड हे औषध घेणारे रुग्ण अनपेक्षितपणे उल्हसित होतात, आणि इमिप्रामीनने विषादाचे रुग्ण सुधारतात (स्विस वैद्य रोलांड कून, १९५७), हेही दिसून आले. या निरीक्षणांतूनच मेंदूतील विशिष्ट द्रव्यांच्या कमतरतेमुळे विषाद होतो, ही उपपत्ती उभी राहिली.

ही उपपत्ती आज जशीच्या तशी स्वीकारली जात नाही. रिसर्पीनमुळे विषाद होतो या जुन्या समजाविषयीही शंका घेतली गेली आहे, आणि सेरोटोनिनच्या कमतरतेचा सुसंगत पुरावा मिळत नाही, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात म्हटले आहे. परंतु औषध का लागू पडते याचे स्पष्टीकरण चुकले, म्हणजे औषध लागू पडत नाही असे सिद्ध होत नाही. २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये ५२२ चाचण्या आणि एक लाख सोळा हजारांहून अधिक रुग्ण यांचा एकत्रित विचार प्रसिद्ध झाला, त्यात विषादाच्या तीव्र अवस्थेत तपासलेली २१ ही औषधे निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरली. हा सरसपणा सरासरीने माफक आहे. काहींना औषधाने पुष्कळ गुण येतो, काहींना मुळीच येत नाही.

१९८७ साली अमेरिकेत फ्लुओक्सेटीनला मान्यता मिळाली. तेव्हापासून सेरोटोनिनवर कार्य करणारा हा औषधवर्ग प्रथम दिला जातो. तो जुन्या औषधांहून अधिक गुणकारी आहे म्हणून नव्हे, तर अधिक सुसह्य आणि मात्रा चुकल्यास कमी धोकादायक आहे म्हणून. गुण दिसू लागण्यास दोन ते चार आठवडे लागतात आणि औषधाची परीक्षा होण्यास सहा आठवडे द्यावे लागतात. मळमळ, झोपेतील फरक, कामेच्छा मंदावणे हे त्रास मात्र आधी सुरू होतात. गुणापूर्वी त्रास, हा क्रम रुग्णाला आधीच समजावून सांगितला नाही, तर तो दुसऱ्या आठवड्यात औषध सोडतो आणि ‘मला गोळ्या लागू पडत नाहीत’ अशी खूणगाठ बांधतो. पंचविशीच्या आतील रुग्णांवर आरंभीच्या आठवड्यांत विशेष लक्ष ठेवावे लागते. बरे वाटू लागल्यावरही किमान सहा ते नऊ महिने, आणि दीर्घकालीन विषादात त्याहून अधिक काळ, औषध चालू ठेवणे इष्ट असते; थांबवावयाचे तर वैद्याच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावे लागते.

पहिल्या औषधाने गुण आला नाही, तर काय करावे, याचे उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेत चार हजारांहून अधिक रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या पायरीवर सुमारे एक-तृतीयांश रुग्ण लक्षणमुक्त झाले. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर हे प्रमाण १३-१४ टक्क्यांपर्यंत उतरले. औषधे बदलीत राहण्याला मर्यादा आहे, हा यातील बोध होय. म्हणून औषध हटवादीपणे वाढविण्यापूर्वी निदान पुन्हा तपासणे हा विवेकी वैद्याचा मार्ग ठरतो. अवटु ग्रंथीचे मांद्य, पंडुरोग, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, मद्यपान, रुग्ण घेत असलेली अन्य औषधे, किंवा पूर्वी कधी उन्मादाची अवस्था येऊन गेलेली असणे, यांपैकी काही असेल तर उपचाराची दिशाच बदलते. त्यानंतर औषध बदलणे, दोन औषधे एकत्र देणे, किंवा लिथियमसारख्या द्रव्याची जोड देणे हे पर्याय उरतात. लिथियम देताना रक्तातील त्याचे प्रमाण, मूत्रपिंडे आणि अवटु ग्रंथी यांची नियमित तपासणी आवश्यक असते.

४. संवादोपचार

विचार बदलून भावना बदलावी, या तत्त्वावर आधारलेल्या उपचारपद्धतींत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ पद्धती आणि एरन बेक यांनी १९६० नंतर विकसित केलेली बोधात्म पद्धती या प्रमुख होत. एलिस यांची पद्धती मराठीत चांगली रुजली, याचे श्रेय मुख्यतः किशोर फडके यांच्याकडे जाते. एलिस यांच्याशी प्रदीर्घ पत्रव्यवहार करून त्यांनी ती आत्मसात केली आणि मराठीतून शिकविली, लिहिली. ठाण्यात १९९० साली स्थापन झालेल्या मानसिक आरोग्य संस्थेने, आणि तिचे संस्थापक डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या लेखनाने, हा विचार सामान्य वाचकापर्यंत नेला. ‘असेच झाले पाहिजे’ या आग्रहाचे ‘असे झाले तर बरे’ या इच्छेत रूपांतर करणे हे या पद्धतीचे मर्म आहे. आणि ‘पाहिजे’ व ‘बरे’ या दोन मराठी शब्दांतील अंतर रुग्णाला उमगल्यावाचून ते साधत नाही. भाषांतरित उपचार आणि भाषेत रुजलेला उपचार यांतील भेद येथे स्पष्ट होतो.

विशेषतः दीर्घकालीन विषादासाठी जेम्स मॅककलो यांनी एक पद्धती घडविली. दीर्घकाळ खिन्न असलेल्या माणसाला आपल्या वागण्याचा इतरांवर काही परिणाम होतो, याची जाणीवच बोथट झालेली असते. म्हणून एकेक प्रसंग घेऊन ‘काय घडले, काय हवे होते, त्यासाठी काय करता आले असते’ याची उकल त्याच्याकडून करून घेतली जाते. २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दीर्घकालीन विषादाच्या रुग्णांपैकी केवळ औषध घेणाऱ्यांत ४८ टक्क्यांना आणि केवळ ही पद्धती अनुसरणाऱ्यांतही ४८ टक्क्यांनाच गुण आला; दोन्ही एकत्र मिळालेल्यांत मात्र हे प्रमाण ७३ टक्के होते. त्या चाचणीतील औषध पुढे यकृतावरील दुष्परिणामांमुळे बहुतेक ठिकाणी मागे पडले. परंतु जुन्या विषादावर दोन्ही उपायांची जोड एकट्या उपायाहून श्रेयस्कर, हा निष्कर्ष आजही मार्गदर्शक मानला जातो.

५. गोवा आणि विदर्भ

तज्ज्ञ उपचारक मोजके आणि रुग्ण असंख्य, अशा देशात वरील पद्धतींचा उपयोग किती जणांना होणार, हा प्रश्न उरतोच. त्याचे एक उत्तर गोव्यात शोधले गेले. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगत’ ही संस्था यांनी तेथे ‘मानस’ नावाचा प्रयोग केला. १२ सरकारी आरोग्यकेंद्रे आणि १२ खाजगी दवाखाने यांत, अल्प प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक आरोग्यसल्लागारांनी वैद्य व मानसरोगतज्ज्ञ यांच्या साहाय्याने रुग्णांची देखभाल केली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सरकारी केंद्रांतील ज्या रुग्णांच्या विकाराचे निदान पक्के झाले होते, त्यांपैकी सहा महिन्यांनंतर ६५.९ टक्के बरे झाले. जेथे असा सल्लागार नव्हता, तेथे हे प्रमाण ४२.५ टक्के होते. खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक आढळला नाही.

पुढे तीव्र विषादासाठी सहा ते आठ बैठकींचा एक संक्षिप्त उपचार तेथेच तयार झाला. ‘आधी मन लागू दे, मग काम करीन’ या रुग्णाच्या क्रमाला उलटे फिरवून ‘आधी थोडे काम, मग मन’ असा क्रम लावणे, हे त्याचे सूत्र. सकाळी विहिरीवर जाणे, शेजारणीशी चार शब्द बोलणे, सुटलेले भजनीमंडळ पुन्हा धरणे अशी लहान कामे ठरवावयाची, करावयाची आणि पुढील बैठकीत त्यांचा हिशेब मांडावयाचा, अशी त्याची रीत. १० आरोग्यकेंद्रांतील ४९५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन महिन्यांनंतर हा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले. इतरांत हे प्रमाण ३९ टक्के होते. वर्षानंतरही हा लाभ टिकून असल्याचे आढळले. सल्लागार मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते; ते रुग्णांच्याच परिसरातील, त्यांची बोली जाणणारे होते.

अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी चालविलेल्या ‘विश्राम’ या उपक्रमाचा अनुभवही असाच बोलका आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे ज्या विदर्भाचे नाव सर्वतोमुखी झाले, तेथे विषाद असलेल्यांपैकी केवळ ४.३ टक्के लोक उपचारासाठी कोणाकडे जात होते. गावातील कार्यकर्त्यांनी घरोघर बोलणे सुरू केल्यानंतर अठरा महिन्यांत हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. या सर्व अभ्यासांत केवळ दीर्घकालीन विषादाचे रुग्ण वेगळे काढलेले नव्हते, ही मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. तरीही ज्याने आपली व्याधी स्वभाव म्हणून स्वीकारली आहे, त्याच्या दारापर्यंत कोणीतरी चालत गेले पाहिजे, एवढे यावरून निश्चित दिसते.

६. औषधे अपुरी पडल्यास

औषध आणि संवाद दोन्ही अपुरे पडल्यास मार्ग खुंटत नाही. सेर्लेटी व बिनी यांनी १९३८ मध्ये रोम येथे प्रथम योजलेला विद्युत्-उपचार चित्रपटांमुळे बदनाम झाला असला, तरी तीव्र विषादावर, विशेषतः रुग्णाने अन्नपाणी सोडले असता किंवा जिवाला धोका असता, तो अत्यंत परिणामकारक ठरतो. त्यानंतर काही काळ स्मृती दुबळी होते, हा त्याचा दोष होय. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्यावाचून हा उपचार करण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाई आहे. अल्पवयीनांच्या बाबतीत पालकांची संमती आणि मंडळाची पूर्वपरवानगी लागते. भूल न देता चुंबकीय स्पंदनांनी मेंदूचा विशिष्ट भाग उत्तेजित करण्याची पद्धती अमेरिकेत २००८ साली, आणि केटामीनपासून सिद्ध केलेले नाकावाटे घ्यावयाचे औषध २०१९ साली मान्य झाले. हे दोन्ही उपाय खर्चाचे असून मोठ्या शहरांपुरतेच सुलभ आहेत. शिवाय दुसऱ्याचा परिणाम त्वरित दिसला, तरी तो टिकविण्यासाठी देखरेखीखाली ते पुनःपुन्हा द्यावे लागते.

नियमित व्यायामाने सौम्य व मध्यम विषादात लाभ होतो. योगाभ्यासाचा विचार मुंबईत डॉ. एन. एस. वाहिया यांनी पातंजल योगाच्या आधारे फार पूर्वी केला होता. या गोष्टी उपचाराला पूरक आहेत. तीव्र विषादात त्यांना पर्याय मानणे घातक ठरते.

७. परभाषेतील रुग्ण

आता फरीदाबादसारख्या नगराचा विचार करावा. आजचे औद्योगिक फरीदाबाद देशाच्या फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून विस्थापित झालेल्यांसाठी वसविले गेले. घर आणि बोली दोन्ही मागे टाकून आलेल्या माणसांच्या श्रमांतून ते उभे राहिले. पुढे कारखान्यांच्या निमित्ताने देशभरातून आलेली माणसे तेथे स्थिरावली. अशा नगरातील मराठी रुग्णाला उपचारांची वाण नाही. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेसारख्या दिल्लीतील संस्था अंतराने जवळ आहेत. वाण आहे ती शब्दांची. कामाची, बाजाराची हिंदी त्याला अवगत असते; परंतु मनाची हिंदी ही निराळीच गोष्ट आहे. हिंदीतील ‘घबराहट’ आणि मराठीतील ‘घाबरणे’ एकाच कुळातील शब्द. पण पहिल्यात कारणावाचूनची अस्वस्थता येते, तर दुसऱ्यात मुख्यतः भीती. ‘आपको घबराहट होती है?’ या प्रश्नाला मराठी गृहस्थ ‘नहीं’ असे प्रामाणिकपणे उत्तर देईल. कारण तो कोणालाच भीत नाही. ‘हुरहुर’ या शब्दाला तर त्याला हिंदीत जागाच सापडणार नाही. घरात मराठी बोलणाऱ्या वृद्ध आईला तपासणीस नेले असता मुलगा दुभाषा होतो, आणि ज्या गोष्टी मुलासमोर बोलावयाच्या नाहीत, नेमक्या त्याच अनुवादाविना राहतात.

या दृष्टीने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा उल्लेखनीय आहे. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य, मराठीसह वीस भाषांत बोलता येते. जगणे नकोसे झाल्याची भावना दाटून येत असेल, तर तीही तेथे निःसंकोचपणे सांगता येते. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरावे, आणि तिची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य आहे, ही २०१७ च्या कायद्याची भूमिका २९ मे २०१८ पासून अमलात आहे. त्याच कायद्याने मानसिक उपचार मिळण्याचा हक्क मान्य केला असून, विम्याच्या बाबतीत मानसिक व शारीरिक व्याधींत भेद करण्यास प्रतिबंध केला आहे.

८. समारोप

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या चित्रपटाला २०१६ सालासाठीचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. विषादग्रस्त तरुणाला कोणी उपदेश न करता केवळ जागा आणि वेळ देतो, एवढेच त्याचे कथानक. दीर्घकालीन विषादाच्या उपचाराचे सारही याहून फार वेगळे नाही. औषध, संवाद, विद्युत्-उपचार यांपैकी कोणताही पर्याय सर्वांना लागू पडत नाही; परंतु एक पर्याय फसल्यावर दुसरा उरतो, आणि दोन एकत्र केल्यास फलप्राप्तीचा संभव वाढतो, ही आज पुराव्याने सिद्ध झालेली गोष्ट आहे. या मार्गाला काही महिने, क्वचित काही वर्षे लागतात. तेवढा काळ रुग्णाने टिकून राहावे, यासाठी ‘त्याचा स्वभावच तसा’ हे वाक्य त्याच्या घरातून आधी हद्दपार व्हावे लागते. ते वाक्य जेथे थांबते, तेथून उपचार सुरू होतो.